चंद्रपूरला न आलेल्या बस

सर्जापूर रोडवरच्या एका ऑफिसच्या इमारतीच्या तळघरात चार्जिंगचा पॉइंट एकच होता, आणि त्या सकाळी दोन स्कूटर तिथे एकदमच येऊन थांबल्या.

"अण्णा, स्वल्प जागा कोडी..." शाल्मलीने कानडीत थोडी जागा मागितली.

"मराठीत मागा, सगळीच देतो," दुसऱ्या स्कूटरवरचा तरुण हसला. "आत्ता फोनवर आईशी भांडत होतात ना!"

ती लाजली. पॉइंट मात्र तिनेच घेतला.

तनय चंद्रपूरचा. विजेच्या बस चालवणाऱ्या कंपनीत होता. नव्या वीस बस आपल्या गावी न्यायच्या, एवढाच त्याला ध्यास. शाल्मली इथलीच, जे. पी. नगरच्या जुन्या मराठी घरातली. विजेची वाहनं कोणत्या शहराला परवडतील, कुठली हवा खरंच सुधारतील, हे तिची संस्था अभ्यासत होती. तिच्याच यादीवरून बस वाटल्या जाणार होत्या.

"माझं गाव कितवं?" कॉफी पिताना तो विचारायचा.

"लाच देताय?"

"फक्त कॉफी... आणि मी."

तीन महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. गावच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी राख, आईचा खोकला... तो सांगायचा, आणि ती त्याचा हात हातात घ्यायची.

मग यादी झाली. चंद्रपूर शेवटून दुसरं. शाल्मलीने हिशेब तीनदा तपासला, मग स्वतःच त्याला सांगितलं.

"इथे ऊन-वाऱ्याची वीज बरीच आहे. तुमच्याकडे कोळशाची. बसचा धूर थांबेल, पण चिमणीचा वाढेल. त्यात तो उन्हाळा, बॅटरी टिकणार नाही... तिकीट महागेल."

"बदलता आलं असतं तुला?"

"आलं असतं," ती म्हणाली. "पण ते खोटं झालं असतं."



बस दुसरीकडे गेल्या. महिन्याभरात तनयने राजीनामा दिला. गावी शाळांच्या छपरांवर सोलर बसवायचं काम मिळालं होतं.

"आधी वीज बदलायला हवी. तूच दाखवलंस," कॅबमध्ये बॅग ठेवत तो म्हणाला.

"मी येऊ?—"

"नको, शाल्मली. तू चुकली नाहीस. पण तुझ्याकडे पाहिलं की आईचा खोकला ऐकू येतो... काय करू?"

"माझं प्रेम आहे तुझ्यावर." हे ती आज पहिल्यांदाच म्हणाली.

"माझंही आहे गं..." म्हणत तो कॅबमध्ये बसला.

कॅब निघाली. वळणापर्यंत तो मागच्या काचेतून बघत होता. शाल्मलीने हात वर केला नाही. केला असता, तर तो उतरला असता.