पिकलं का गो?

खोटं वाटत असेल तर वाचू नका. मला कोणाची भीड नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय... आणि रात्री नाही, भर दुपारी.

साल १९५३. आमचं गाव चामटोली. शेतात भात पिवळं पडायला लागलं होतं आणि माझी थोरली बहीण चंद्री उल्हासनगरच्या कॅम्पात, लष्कराच्या जुन्या बराकीतल्या दवाखान्यात होती. अपेंडिक्सचं ऑपरेशन छान झालं होतं, सोबतीला मी राहिले होते.

"गोदू, कापनीला मी घरी असनार बघ," म्हणायची.

त्या दुपारी जेवणं आटोपून सगळा वॉर्ड पेंगत होता.

बाहेरचे कावळे एकदम गप्प झाले...

खिडकीतून बाईचा आवाज आला. "पिकलं का गो?"

शेजारच्या खाटेवर बदलापूर गावच्या कौसाबाई होत्या. त्यांच्याही पोटाला टाके. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "पिकलं गो बाय, लय पिकलं."

पीक उभं असताना कोणी असं विचारलं तर आमच्याकडे 'नाही' म्हणत नाहीत. अपशकुन होतो.

मी खिडकीशी गेले. बाहेर कोणीच नव्हतं... नुसता ओल्या चिखलाचा वास.

सकाळी लाजवंती सिस्टरने कौसाबाईंची पट्टी सोडली आणि तिचा चेहराच उतरला. "अरे, कल तो बिलकुल सूखा था!"

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "टाके पिकलेत," ते म्हणाले.

पिकलेत...



आठवड्याच्या आत कौसाबाईंची खाट रिकामी झाली.

मी लाजवंतीला सगळं सांगितलं. ती सिंधमधून आलेली, मराठी जेमतेम. "पिकलं मतलब फसल ना? फसल की बात से काहे को डरती है?" बिचारीने तरी वॉर्ड फिनेलने धुऊन काढला, हत्यारं पुन्हा उकळली. तिला शब्दच कळला नव्हता, मी तरी काय करणार?

चंद्रीला शपथ घातली. "कोनी काय इचारलं तर बोलायचं नाय."

"येडी का काय तू?" ती हसली.

पुन्हा एका दुपारी कावळे गप्प झाले. चिखलाचा वास आला... या वेळी खिडकीतून नाही. खाटेजवळून.

"पिकलं का गो?"

मी चंद्रीच्या तोंडावर हात दाबला आणि ओरडले, "नाय पिकलं! काय नाय पिकलं!"



मग अगदी माझ्या कानाशी... "तुला नाय इचारलं."

माझा हात गळून पडला. उचलता उचलेना. चंद्री छताकडे बघत होती, बांधावर उभी राहून शेत बघावं तशी.

"पिकलं गो," ती म्हणाली. "सोन्यावानी पिकलं."

मी डॉक्टरांचे पाय धरले. पेनिसिलिनच्या सुया दिल्या, टाके सोडून जखम धुतली, त्यांनी काही म्हणून बाकी ठेवलं नाही. चंद्री गेली.

त्या वर्षी आमच्या शेतात भात अमाप आलं. कापायला ती नव्हती.

परवा विळीवर माझं बोट कापलं. चिंधी बांधून ओट्याशी उभी होते. कावळे गप्प झाले...

"पिकलं का गो?"

मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

पण आवाज चंद्रीचा होता. आता रोज दुपारी येतो. सख्ख्या बहिणीला उत्तर न देता मी किती दिवस राहू?