डावी टाच

बाबांच्या गणवेशाला इस्त्री करायचा मान घरात त्यांच्याखेरीज फक्त थोरलीला होता, आणि तोही सहजासहजी मिळालेला नव्हता. आधी कॉलर, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी. इस्त्रीचं टोक बटणांच्या मधून फिरवायचं, बटणांवरून नाही. कुठे एखादी चुणी राहिलीच, तर बाबा मान वाकडी करून विचारायचे, "ही कोणत्या पलटणीची? आपली दिसत नाही." मग पुन्हा पाण्याचा हबका, पुन्हा पहिल्यापासून.

आता बाबा नव्हते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, अंगणातल्या झाडांना पाणी घालता घालता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. पलटणीतून निरोप आला होता की गणवेश पाठवा, काचेच्या कपाटात मानानं ठेवू. म्हणून रविवारी थोरली माहेरी आली, टेबलावर जुनी चादर अंथरली आणि इस्त्री तापत ठेवली.

भेटायला आलेले सगळे एकच बोलून गेले होते: असा शिपाई नाही आणि असा घरातला माणूस नाही. खरंच होतं ते. सुट्टीवर आले की बाबा स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचे, सगळ्यांच्या शर्टांची बटणं लावायचे, चहाला उशीर झाला तर "रसद तुटली!" म्हणून घर डोक्यावर घ्यायचे. लोक बोलत राहिले, डोळे पुसत राहिले. आई मात्र रडली नाही. धीराची बाई, असं सगळे म्हणाले.

तो धीर नव्हता, हे थोरलीला माहीत होतं. ती सात-आठ वर्षांची असताना धाकटा भाऊ तापानं गेला. दवाखान्याचं दार वाजलं की तो डोळे उघडून विचारायचा, "बाबा आले? मला खांद्यावर घेणार आहेत." बाबा सीमेवर होते. ते पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. आईनं त्यांना पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "उशीर केलात." तेवढंच. त्या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. बाबांनीही पुढे कुणाला खांद्यावर घेतलं नाही, थोरलीच्या मुलीलासुद्धा नाही. "पाठ धरते गं," म्हणायचे, आणि लगेच सिमेंटचं पोतं उचलून अंगणात न्यायचे. घरात धाकटं कुणी उरलं नाही, तरी थोरली थोरलीच राहिली.

गणवेश कडक झाला. थोरलीनं तो आईच्या खोलीतल्या कपाटात टांगला.

पुढच्या रविवारी दार उघडलं, तर कोपरांवर चुण्या होत्या.

कापडाला जुनी सवय असते, असं तिनं स्वतःला समजावलं. ती प्रयोगशाळेत काम करायची. भिंगाखाली दिसेल तेवढंच खरं मानायचं हा तिचा खाक्या. तिनं या वेळी खळ घालून पुन्हा इस्त्री केली. त्यानंतरच्या रविवारी कोपरं दुमडलेली होतीच, शिवाय पँट गुडघ्यांमागे चुरगळलेली. कुणी खाली बसून उठल्याशिवाय तिथे तशा चुण्या पडत नाहीत.

"आई, गणवेश बाहेर काढला होतास?"

"मी कशाला काढू?" आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"जवळ घेऊन बसली असशील. तसं असलं तरी काही बिघडत नाही गं."

"मला हौस नाही," आई म्हणाली.

थोरलीला वाईट वाटलं. आई खोटं बोलत असती तर बरं झालं असतं. तिनं इस्त्री केली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून आपल्या घरी घेऊन गेली.

पुन्हा आली तेव्हा बाहेर कडक ऊन होतं. कितीतरी दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. अंगणातली माती भेगाळली होती.

तिनं कुलूप काढलं.

ओल्या मातीचा वास आला.

गणवेशाचे दोन्ही खांदे चेपले होते. कॉलर मागून चोळामोळा झाली होती. आणि छातीवर, दोन्ही खिशांच्या वर, चिखलाचे दोन लहानसे अर्धगोल होते. बोट लावलं, तर चिखल ओला.

"आई," तिनं हाक मारली.

आई आली. तिनं चिखलाच्या खुणा जवळून पाहिल्या. उजवा अर्धगोल पुरा होता, डाव्याची बाहेरची कड तुटलेली. तिनं वाकून कपाटाच्या तळातून एक खोका काढला. त्यात धाकट्याचे बूट होते, कोरडे, धूळ बसलेले. तिनं डावा बूट उलटा केला. धाकटा डावा पाय घासत चालायचा; टाच बाहेरच्या बाजूनं झिजली होती.

आईनं तो बूट छातीशी धरला.

"पोचले," ती म्हणाली. "पोचले गं एकदाचे."

आणि ती रडली. इतक्या वर्षांचं एकदम रडली. थोरलीनं तिला धरून ठेवलं, कारण दुसरं काय करावं हे तिला सुचेना.

गणवेश पलटणीकडे गेला नाही. थोरली दर रविवारी येऊन तो धुते, वाळवते, इस्त्री करते. कुणाला काही सांगत नाही. महिने गेले, आणि एका रविवारी तिच्या लक्षात आलं की टाचा आता खिशांच्या खाली उमटतात.

"वाढतं अंग आहे त्याचं," आई म्हणाली. "जुने बूट चावत असतील."

थोरली संध्याकाळी बाजारात गेली. "मुलगा केवढा आहे?" दुकानदारानं विचारलं. तिनं जुना बूट पुढे केला आणि म्हणाली, "याच्याहून एक नंबर मोठा द्या."

नवे बूट तिनं नाड्या न बांधता गणवेशाखाली ठेवले, कुलूप लावलं, किल्ली नेली.

या रविवारी तिनं दार उघडलं. बूट जागच्या जागी होते, नाड्या बांधलेले. गणवेशावर ओल्या चिखलाचे दोन अर्धगोल होते, दोन्ही पुरे. डावी टाच अजून झिजली नव्हती.