रुंदनजर

फाटकावर दगड आदळायला लागले, तेव्हा हवालदार लवू भोगटे मनोऱ्यावर बसून रुंदनजर चष्मा डोळ्यांवर चढवत होता. खाली समुद्राचं पाणी गोडं करून शहराला पाठवणारा कारखाना, आणि फाटकाबाहेर तहानेनं पिसाळलेली आसपासची गावं. एका शिपायाचं डोकं आधीच फुटलं होतं.

"पुन्हा सांगते, गोळी गुडघ्याखाली," डॉ. वसुधा टिपणीस म्हणाल्या. चष्मा त्यांनीच घडवला होता. "माणूस पडेल, मरणार नाही."

"म्हणून तर मी पुढे झालो, मॅडम. माझा धाकटा भाऊ बाबल आहे त्या गर्दीत. दुसऱ्या कुणाला तो काय ओळखू येणार? मी त्याला धक्का लागू देणार नाही. पण एवढ्या लांबून नेम चुकला तर?"

"चुकणार नाही. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, पंचाईत होते. दोन डोळे दोन जराशी वेगळी चित्रं बघतात, आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ठरवतो. लांबच्या वस्तूत तो फरक उरतच नाही. म्हणून मी तुमचे डोळेच लांब लांब नेलेत. एक कॅमेरा मनोऱ्याच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि दोघांची चित्रं या चष्म्यात."

भोगट्यानं खाली पाहिलं. "आयला! सगळं इवलंसं झालं की! गणपतीच्या आराशीतली माणसं जशी!"

"ते होतंच. मेंदू हट्टी असतो. डोळे हलवलेत हे त्याला पटत नाही, मग वस्तूच लहान आहेत असं तो धरून चालतो. त्यानं काही बिघडत नाही."

काही बिघडत नाही! इतक्या हुशार बाईंना हे इतक्या सहज म्हणवलं, याचा संताप येतो.

फाटक मोडलं. पहिल्या गोळीनं एकाची नडगी फुटली. दुसरी मांडीत गेली. तिसऱ्या गोळीनं एक बाई पोट धरून खाली बसली आणि तिच्या बोटांमधून रक्त वाहू लागलं.

"वर लागतेय! भोगटे, थांबा!"

भोगटे थांबला नाही. जत्रेत फुगे फोडणाऱ्या पोरासारखी त्याची जीभ दातांत होती. निळ्या शर्टातल्या एका तरुणानं दगड उचलला आणि त्याच्या छातीच्या चिंधड्या उडाल्या. वसुधाबाईंनी चष्मा ओरबाडून काढला.

भोगट्यानं उघड्या डोळ्यांनी खाली पाहिलं. "बाबल!"

"तुम्हाला ओळखू आला नाही?"

"आला ना! शर्ट ओळखला, तोंड ओळखलं. पण तो एवढासा होता हो, मॅडम. दगड उचलताना इतका मजेशीर दिसला..."

बंदूक टाकून तो जिन्याकडे धावला.

कुठे चुकलं ते पाहायला वसुधाबाईंनी स्वतः चष्मा लावला. एवढासा हवालदार एवढ्याशा भावाचं डोकं मांडीवर घेऊन ऊर बडवत होता. आवाज वर येत नव्हता. मग इवलीशी माणसं त्याच्याभोवती जमली आणि इवले इवले दगड त्याच्या डोक्यात घालू लागली. तो आडवा झाला, तरी त्यांचे हात थांबेनात.

खाली कोण मरतंय आणि कुणामुळे, हे वसुधाबाईंना पक्कं ठाऊक होतं. शिपायांना हाका मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना हसू फुटलं.