वेचणाऱ्या हातांचं वय

खैरवाड्याच्या संकलन केंद्रावर कापूस आला की हल्ली आधी वजन होत नसे. आधी कापसालाच विचारलं जाई, तुला कोणी वेचलं?

विचारायचं काम प्रांजली गावंडेचं. जैवतंत्रज्ञानाची पदवी घेऊन ती इथे रुजू झाली, तेव्हा टेबलावरचा डब्याएवढा ‘स्पर्शवाचक’ नवाकोरा होता आणि तिला त्याचा अभिमान वाटे. बोंडातून कापूस ओढताना बोटांच्या त्वचेतल्या पेशी तंतूंना चिकटतात. त्या पेशींच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा वयाबरोबर बदलत जातात. त्यांवरून यंत्र वेचणारीचं वय सांगे. चौदाच्या आतला एकही हात निघाला, की गटाचं न्याय्य व्यापाराचं प्रमाणपत्र त्या हंगामापुरतं रद्द. दूरदेशीच्या दुकानात सदरा घेणारा माणूस लेबलासमोर फोन धरी आणि वाची : सेंद्रिय, प्रौढ हातांनी वेचलेला.

त्या सोमवारी पंचफुलाबाई डाखरे हंगामाचा पहिला कापूस घेऊन आल्या. त्यांच्या गटात एकतीस बायका. सात वर्षं त्यांनी शिवारात कीटकनाशकाचा थेंब येऊ दिला नव्हता. निंबोळीचा अर्क फवारून आणि अळ्या हातानं टिपून पीक राखलं होतं. प्रमाणपत्रामुळे मिळणाऱ्या जादा भावावर त्यांनी गावात पाळणाघर चालवलं होतं, मुलांना वावरात न्यावं लागू नये म्हणून.

प्रांजलीनं नमुना यंत्रात ठेवला. पडद्यावर आकडे उमटले : एकेचाळीस, अठ्ठावीस, बावन्न. मग सहा.

तिनं दुसऱ्या गाठोड्यातला नमुना घेतला, मग तिसऱ्यातला. प्रत्येकात ते सहा होतंच.

“बाई, तुमच्या वावरात लहान मूल होतं?”

पंचफुलाबाई हसल्या. “होतं न. माही नात, स्वरा.”

त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. वेचणी सुरू करण्याआधी वावरात सीतादही करायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. त्यांच्या गावात पहिली मूठ घरातल्या सगळ्यात लहान मुलीनं वेचायची, कारण तिच्या हाताला हाव नसते. आणि ती मूठ वेगळी ठेवायची नाही; बरकत यावी म्हणून तिची चिमूटचिमूट सगळ्यांच्या ओटीत टाकायची.

“पाच बोंडं वेचली बापा तिनं. मंग पाळणाघरात जाऊन झोपली.”

प्रांजलीला काय झालं ते कळलं. यंत्र हात ओळखत होतं. त्या हातानं पाच बोंडं वेचली की पाच हजार, हे त्याला सांगता येत नव्हतं. निकाल तर उमटल्याक्षणीच मुख्य कार्यालयात पोचलेला. तिनं फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि अर्जात प्रथेसाठी रकाना नाही, असं सांगितलं. तीच गोष्ट तिनं पंचफुलाबाईंना सांगितली तेव्हा त्या हसायच्या थांबल्या. त्यांनी एवढंच विचारलं, की पाळणाघराच्या ताईला आजच सांगावं लागेल का.

मागे एका ठेकेदाराची ट्रॉली उभी होती. त्याचा नमुना ठेवल्यावर पडदा हिरवा झाला : मानवी स्पर्श आढळला नाही.

“यंत्रानं वेचता?” प्रांजलीनं विचारलं.

“आमच्या जमिनीत कुठलं यंत्र चालते, मॅडम? मजूरच आहेत. त्यायच्या तब्येतीची काळजी घेतो आम्ही.” त्यानं खिशातून निळ्या हातमोज्यांचा चुरगळलेला गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. सुरक्षिततेच्या रकान्यात त्याचे दोन गुण जास्त होते.

वरचा एक हातमोजा प्रांजलीनं उचलला. घालून पाहिला तर तो तिच्या बोटांच्या दुसऱ्या पेरापुढे सरकेना. तिनं ठेकेदाराकडे पाहिलं. तो पावतीची वाट पाहत होता. हिरव्या निकालावर शंका नोंदवायची सोय यंत्रात नव्हती. पावती आपोआप छापून बाहेर आली, आणि ती घेऊन तो गेला.

पंचफुलाबाई अजून बाकावरच होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या उठून टेबलापाशी आल्या. प्रांजलीच्या बोटांत अडकलेला तो निळा हातमोजा त्यांनी हळूच ओढून काढला आणि आपल्या तळहातावर पसरून त्याचं माप पाहिलं.

“पाळणाघर बंद झालं, तर पोट्टे आमच्यासंगंच येतीन वावरात,” त्या म्हणाल्या. “पुढच्या साली प्रमाणपत्र तर लागनच. मॅडम, हे एवढे लहान कुठं भेटतात?”