मेणातला तुकडा

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. महेश्वरी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिनं हे रडत रडत सांगितलं, आणि तिला विचारूनच लिहितेय.

ठिकाण तुळजापूर. बसस्टँडमागची एक छोटी लॅब. वार मंगळवार.

आणि रात्र नव्हती. भरदुपार होती.

महेश्वरी तिथं टेक्निशियन आहे. पेशंटच्या गाठीचा तुकडा आला की तो मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, मशीनवर केसाहून पातळ कापायचा, काचेवर घ्यायचा, रंग द्यायचा. मग डॉक्टर मायक्रोस्कोपमधून बघून आजार सांगतात.

त्या दुपारी मेणात तिची आई होती.

उमाकाकू नळदुर्गला राहायच्या. छातीतली गाठ त्यांनी पदराआड लपवली, कुण्णाला सांगितलं नाही. कळलं तेव्हा महेश्वरीनंच दवाखान्यात नेलं. तपासायला तुकडा काढला. त्या जखमेची पट्टी बदलताना काकू कधी ओरडल्या नाहीत.

"तू कर गं. म्या काय बोलत न्हाय," म्हणायच्या.

दातावर दात ठेवायच्या आणि नुसतं... "स्स्स..."

निकाल यायच्या आधीच एका पहाटे झोपेत गेल्या. रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकली म्हणाले. लिंगायत रीतीनं शेतातच समाधी दिली. मांडी घालून बसवलं, हातात इष्टलिंग ठेवलं, वर माती लोटली.

महेश्वरी कामावर परतली, तर ठोकळा तसाच पडलेला. सोबतच्या हर्षालीनं आईचा तुकडा मेणात बसवला होता, पण पुढं तिचा हात धजावला नव्हता.

"आता कापून काय करायचं सर?" महेश्वरीनं डॉक्टर गौरीशंकरांना विचारलं.

"शिवांजलीच्याही छातीत गाठ लागतेय म्हणालीस ना? मग आईचा आजार नेमका कळायला हवा. तुला जमणार नसेल तर सोलापूरला पाठवू."

शिवांजली तिची धाकटी बहीण.

"नको सर. आईला मीच कापते."

बोलून गेली, आणि स्वतःच्याच शब्दांनी तिच्या अंगावर काटा आला.

हर्षाली डबा खायला गेली. महेश्वरीनं दार लोटलं. पंखा बंद केला, वाऱ्यानं कापलेला पापुद्रा उडतो म्हणून. बर्फावर थंड केलेला ठोकळा मशीनला लावला.

चाक फिरवलं...

"स्स्स..."

तिला वाटलं, पात्याची धार गेली असेल. पातं बदललं. पुन्हा चाक फिरवलं.

"स्स्स..."

आवाज मशीनमधून नव्हता.

तिच्या डाव्या खांद्यामागून होता.

तिनं वळून पाहिलं. कुणी नाही. बाहेर रिक्षावाले भाविकांना हाका मारत होते. आत मात्र...

नुसता मेणाचा वास.

"आई?"



उठून पळावंसं वाटलं. पण ती गेली असती तर तो ठोकळा दुसऱ्या कुणाच्या हातात गेला असता. ती तशीच बसली.

"आई, जरा कळ काढ," ती हळूच म्हणाली. "आपल्या शिवूसाठी हाय."

चाक फिरवलं. या वेळी आवाज आला नाही.

पण कुणीतरी श्वास रोखून धरलाय... अगदी जवळ... हे तिला स्पष्ट कळत होतं.

चरबीचा तुकडा नीट कापला जात नाही. पापुद्रे फाटत गेले. एकच बरा निघाला. तो तिनं सपाट व्हायला कोमट पाण्यावर सोडला, तर मधोमध मोठी सुरकुती. ब्रशनं सोडवायला गेलं आणि फाटला, तर परत कापायचं.

परत आईलाच कापायचं.

तिला रडू फुटलं. ब्रश हातातच राहिला.

आणि मग...

सुरकुती आपोआप उलगडायला लागली.

पाणी हललं नाही. खालून कुणी तळवा फिरवावा तसा तो पापुद्रा हळूहळू सपाट झाला. तिनं काच खाली घातली आणि अलगद उचलून घेतला.

"इतकी स्वच्छ स्लाइड..." डॉक्टर मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाले. मग महेश्वरीकडे न बघताच रिपोर्टचा कागद पुढं ओढला.

कॅन्सरच होता.

घरी आत्या वेगळ्याच काळजीत होती. "अख्खं माणूस मातीत जावं लागतं, बाई. माझ्या वैनीला अर्धवटच पुरलं का गं? तो तुकडा आण. समाधीपाशी ठेवू."

डॉक्टर म्हणत होते, ठोकळा पुढच्या तपासण्यांना लागेल. पण महेश्वरीचं मनाशी ठरलं होतं. आईला लई दुखलं. आता तिला मातीत सोडायचं.

त्याच आठवड्यात शिवांजलीच्या गाठीचा तुकडा लॅबमध्ये आला.

तो कापायची हिंमत महेश्वरीत नव्हती. हर्षालीला बसवलं आणि ती बाहेर गेली. व्हरांड्यात भिंतीला टेकून, दोन्ही कान घट्ट दाबून उभी राहिली.

दार उघडलं.

"झालं ताई. छान निघाली स्लाइड."

"काही... आवाज आला का गं?"

"कसला? मशीनचाच." हर्षाली हातमोजे काढत म्हणाली. "पण तुम्ही मागं येऊन उभ्या राहू नका ना हो. मला टेन्शन येतं."

"मी?"

"मग काय! सारखं आपलं... 'हळू गं बाई, ल्हानी हाय ती...'"

महेश्वरी व्हरांड्यातच खाली बसली.

शिवांजलीचे उपचार सोलापुरात चालू आहेत. गाठ लवकर सापडली म्हणतात. केस गेलेत, पण हसते.

आत्या अजून रोज फोन करते. समाधीपाशी खड्डाही खणून ठेवलाय तिनं.

ठोकळा लॅबच्या कपाटातच आहे. महेश्वरी तो बाहेर काढते, हातात धरते... आणि शिवूचं नाव घेऊन परत ठेवून देते.