शंका असल्यास घरी येऊन विचारा

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून लावलेल्या पताका दुकानांवरून अजून उतरल्या नव्हत्या. जुलैमधला दुसरा शनिवार, इथल्या ऐन थंडीतला. ऑगस्टस क्रॅडॉक हा क्रेसिक गावचा बाजार उरकून, रिकाम्या खोक्यांची गाडी घेऊन बॅलरॅटला परत येत होता. माल सगळा खपला होता, स्वारी खुशीत होती. हे पुढं त्यानंच मला सांगितलं. मी पडलो जुन्या बाटल्या गोळा करून विकणारा म्हातारा. त्याच्या बाटल्या माझ्याकडूनच जायच्या, म्हणून माझ्यापुढं त्याला लाज वाटत नसे. टाका पोरांनो एक ओंडका शेकोटीत, आणि ऐका.

सगळे त्याला डॉक्टर क्रॅडॉक म्हणायचे. डॉक्टर कसला डोंबलाचा! मेलबर्नला एका न्हाव्याकडे वस्तऱ्यांना धार लावायचा. इथं आला, उंच काळी हॅट डोक्यावर चढवली आणि झाला डॉक्टर. त्याचं ते ‘जीवनामृत’ म्हणजे साखरेचा पाक, रम, रंगासाठी ज्येष्ठमध आणि हात सैल सोडून घातलेली अफू. खोकला, मूळव्याध, टक्कल, बायकांचे झटके, सगळ्यांवर एकच बाटली. आणि लोक घ्यायचे! मातीत सोनं सापडेल म्हणून सात समुद्र ओलांडून आलेली माणसं ही, त्यांना काहीही खपतं. खऱ्या डॉक्टरांचं तर नावच काढू नका. ते पारा पाजायचे, जळवा लावायचे, छातीवर जहाल लेप लावून फोड आणायचे आणि रोगी मेला की देवाची इच्छा म्हणायचे. फरक एवढाच, की ह्यांची पाटी पितळेची आणि त्याची लाकडी.

ह्या धंद्यात औषधापेक्षा पत्राला मोल. बरं झालेल्या माणसाचं पत्र, नावगावासकट वर्तमानपत्रात छापायचं. क्रॅडॉककडे एक पत्र हुकमी होतं. पॅडीच्या घळीत राहणाऱ्या हॅना ट्रेम्बाथ नावाच्या बाईचं. नवरा खाणीत, हिला क्षय. बाटली घेतली आणि खोकला थांबला. थांबणारच. राखणीच्या कुत्र्याला झोपवलं की भुंकणं थांबतं, चोर थोडाच जातो? पण ती भोळी बाई हरखली. क्रॅडॉकनं सांगितलं तसं तिनं लिहून दिलं: ‘मी पूर्ण बरी झाले आहे. कुणाला शंका असेल तर त्यानं घरी येऊन मला विचारावं.’

पत्र दिल्यावर थोड्याच दिवसांत ती गेली, ह्या शनिवारच्या दोनेक वर्षं आधी. क्रॅडॉकला ते ठाऊक होतं. तिला फुकट द्यायच्या बाटल्या घेऊन तो गेला, तर दारातून तिची शवपेटी बाहेर निघत होती. ह्या गृहस्थानं काय करावं? गाडी वळवली आणि बाटल्या पुढच्या गावात विकल्या. पत्र मात्र छापून येतच राहिलं. नवरा दुसऱ्या खाणीवर निघून गेला, खोपटं ओस पडलं. तरी गिऱ्हाइकं सांगायची, ‘भेटून आलो हो हॅनाबाईंना, ठणठणीत आहेत.’ क्रॅडॉक गालात हसायचा. त्याला वाटायचं, लोक न केलेल्या यात्रेचंही पुण्य सांगतात, त्यातलंच हे.

त्याच्या घरात मात्र त्या औषधाचा थेंब चालत नसे. पोरगी होती एक, टॅबिथा, नऊ वर्षांची. एप्रिलपासून ती खोकत होती. तिच्यासाठी ह्यानं गुपचूप पितळी पाटीवाल्याला बोलावलं. त्यानं फोड आणून आणून पोरीचा नुसता सापळा केला. बायको ड्रुसिला विचारायची, ‘आपलं एवढं गुणकारी औषध असताना हे कशाला?’ हा उत्तर टाळायचा. खरं तिला कधी सांगितलंच नव्हतं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून ड्रुसिला त्या औषधाचे गोडवे मनापासून गायची, म्हणून तर माल खपायचा. खोटं बोलणाऱ्याला घरात एक खरं माणूस लागतंच.

तर त्या शनिवारी, दिवेलागण होऊन गेल्यावर, तो घरी पोचला. घर बंद. शेजारच्या पास्कबाईंनी सांगितलं, की ड्रुसिला पोरीला घेऊन भाड्याच्या टांग्यातून पॅडीच्या घळीत गेली आहे. जाताना म्हणाली, बाहेरचे डॉक्टर करून झाले, आता पत्रातल्या त्या बाईलाच विचारते, आणि ती हो म्हणाली की तिथंच पहिला चमचा देते. कोठारातून एक बाटलीही नेली आहे.

क्रॅडॉकच्या पायांखालची जमीन सरकली. त्या बाटलीतला एक चमचा धडधाकट खाणकामगाराला आडवा करायचा. ह्या काडीएवढ्या पोरीचा श्वास तो कायमचा मिटवील, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यानं दमलेला घोडा तसाच पुन्हा जुंपला.

घळीचा रस्ता तुम्ही पाहिलाय. दोन्ही बाजूंना खाणींच्या मातीचे ढीग, त्यांच्या मागं निलगिरीची झाडं. थंडी मरणाची होती. वारा नव्हता. खोपट्यापुढं टांगा उभा होता, आणि दाराच्या फटीतून उजेड दिसत होता.

त्याच्या जिवात जीव आला. ओसाड घर पाहून बायकोनं मेणबत्ती लावली असेल, असं त्याला वाटलं. आता हा काय करतो पाहा. पळत आत जाऊन पोरीला उचलायचं, की नाही? तो कुंपणाशी थांबला. उभा राहून थाप जुळवू लागला. ट्रेम्बाथबाई ॲडलेडला गेल्या म्हणावं... नवऱ्याबरोबर... पत्र पाठवलंय म्हणावं... पोरगी आत, बाटली आत, आणि हा नीच माणूस बाहेर आपलं तोंड वाचवत होता. मला हे सांगताना तो रडला. मला नाही दया आली.

तेवढ्यात आतून आवाज आला.

बायकोचा नव्हता.

‘मी पूर्ण बरी झाले आहे.’

सावकाश. वाचून दाखवावं तसा.

‘कुणाला शंका असेल तर...’

त्याचेच शब्द. त्यानंच बसवलेले. जसेच्या तसे...

तो धावला. दार ढकललं. ड्रुसिला बाकावर बसलेली. मांडीवर टॅबिथा. डोळे मिटलेले.

‘अहो, बघा ना,’ ड्रुसिला कुजबुजली, ‘खोकला थांबला. ह्यांनीच भरवलं तिला, आपल्या हातानं.’

‘कुणी?’

ड्रुसिलानं विझलेल्या चुलीकडे पाहिलं. तिथं काळोख होता. काळोखात कुणीतरी बसलेलं. त्याला दिसला फक्त हात. हातात चमचा.

‘हॅनाबाई, हे आमचे यजमान.’

काळोख बोलला, ‘मी पूर्ण बरी झाले आहे.’

‘ती मेलीय, ड्रुसिला,’ तो म्हणाला. ‘मी तिची पेटी पाहिलीय. ते औषध नाही... अफू आहे.’

ड्रुसिलानं त्याच्याकडे पाहिलं.

‘तुम्हाला माहीत होतं?’

त्यानं पोरीला तिच्या मांडीवरून उचललं.

तिनं मेणबत्ती चुलीकडे नेली. तिथं कुणी नव्हतं... राख होती. जुनी, थंड राख.

पोरीला दोघांनी हलवलं, थापट्या मारल्या, गारठ्यात उभं धरलं. टॅबिथा पहाटे गेली.

क्रॅडॉकनं पत्र छापणं बंद केलं. सगळा माल पडक्या खाणीत ओतला. ड्रुसिला माहेरी गेली, त्याच्याशी एक अक्षर न बोलता. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. लोकांच्या पोरांना चमच्यानं भरवलं तेव्हा त्याला झोप लागत होती.

गेल्या महिन्यात मी त्या घळीत बाटल्या वेचायला गेलो होतो. भरदुपारी. कडाक्याची थंडी. खोपट्याच्या दाराला बाहेरून फळ्या ठोकलेल्या, त्यांवर गंज चढलेले खिळे. कुणी आत गेलं असणं शक्यच नाही.

खिडकीला एक काच उरलीय. तिच्यावर वाफ धरली होती. तोंड लावून श्वास सोडावा तशी. माझ्या हनुवटीच्या उंचीवर.

मी बाहीनं पुसली. पुसली जाईना. वाफ आतून होती.

आणि तिच्या खाली, काचेच्या अगदी कडेला... दुसरी. लहान. मी बघत असतानाच ती विरली...

आणि पुन्हा आली.