डावी बाजू वर

पाय आत घ्या रे, आणि मध्येच कोणी हसू नका. ही गोष्ट आपल्या गल्लीतल्या यासुहारुची. त्यानं मला स्वतः सांगितली, तीही न पिता. म्हणजे खरीच.

चार वर्षांपूर्वीची तीन फेब्रुवारी. यासुहारु संध्याकाळी कागद आणायला गेला होता. चाळीस वर्षं तो लाकडी ठोकळ्यांवरून चित्रं छापतोय. ठोकळे कोरायची त्याची बायको, मित्सुए. दुसऱ्या दिवशी तिला जाऊन एकोणपन्नास दिवस होणार होते. त्या दिवशी जीवानं पुढं जायचं असतं. नाही गेला, तर अडकला.

तिनं कोरलेलं शेवटचं चित्र छापायचं राहिलं होतं. पिसांचं वस्त्र परत मिळालेली अप्सरा आभाळात निघालीय, आणि ते लपवणारा कोळी किनाऱ्यावर उभा.

वाटेत शेजारची म्हातारी ओक्यो भेटली. "दाणे फेकलेस का रे? आज भुतं हाकलायची रात्र."

"माझ्या घरात कसलं भूत, मावशी?"

"मग घर खायला उठत असेल."

उठतच होतं. त्यानं दाणे काही फेकले नाहीत.

रात्री सव्वाअकरा. तो छापायला बसला. मागून आवाज आला.

"अहो, रंग पातळ झालाय."

मित्सुए. आपल्या जागेवर बसलेली.

"अगं... तू?"

"मी नाही तर कोण? सात आठवडे हाका मारतेय. ओ देत नाही, बघत नाही. एवढं काय केलं हो मी?"

त्याची नजर तिच्या पांढऱ्या किमोनोवर गेली. डावी बाजू वर. अरे, डावी वर जित्या माणसाची. मेलेल्याची उजवी वर. तिला शेवटचं नेसवताना यानंच हट्ट धरला होता, मीच करणार म्हणून. आणि जन्मभर ठोकळ्यावरचं उलटं पाहून कागदावर सुलटं उतरवणारा तो हात! सवयीनं तेही सुलटं करून बसला. बिचारीला आपण मेलोय हेच कळलं नव्हतं.

गप्प राहिलं, तर ती राहील. इथंच. मोह झाला त्याला, का होऊ नये? पण उद्या तिची हाक पुन्हा ऐकू येईल का? नाही आली, तर ती हाका मारतच राहील...

"मित्सुए, इकडे ये. चुकलं माझं."

त्यानं तिच्या पट्ट्याची गाठ सोडली. उजवी बाजू वर घेतली.

तिनं खाली पाहिलं.

"...अस्सं होय."

एवढंच.

त्याला राहवेना. त्यानं स्वतःचा पट्टा सोडून फेकला. आपलीही उजवी बाजू वर घेतली.

"मीही येतो."

तिनं खाली पडलेला त्याचा पट्टा उचलला.

दिवा गेला.

...

पहाटे सहाला माझं दार वाजलं. यासुहारु. अनवाणी. ढसाढसा रडत होता. किमोनोची डावी बाजू वर, नीट चापून बसवलेली. त्यानं माझ्याकडे पाठ केली.

"सोडू नकोस हां. नुसतं बघून सांग. गाठ आहे ना?"

होती. बायका मारतात तशी.